अकरा नावं, शून्य बाइट

१

लोकांना वाचता येतं, पण ते वाचत नाहीत. तीस वर्षं कॉम्प्युटरच्या धंद्यात घालवून मी एवढं एकच शिकलो. मशीनवर लाल शाईने चिठ्ठी लावा, पडद्यावर सूचना आणा, फोनवर तीनदा बजावा. माणूस जे बटण दाबायचं नाही नेमकं तेच दाबतो आणि मग मला फोन करतो. मी रतन म्हसकर, राहणार वर्तकनगर, ठाणे. आधी एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होतो. आता ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या दवाखान्यांचे, क्लासेसचे, स्टुडिओंचे सर्व्हर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे लोकांनी घातलेला गोंधळ निस्तरतो.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळी कमलेशचा फोन आला तेव्हा मी नुकतंच दाढीला बसलो होतो. कमलेशचा डोंबिवलीत कोपरला लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. आजोबांच्या भातखाचरावर उभ्या राहिलेल्या इमारतीत खाली स्टुडिओ आणि वरच्या मजल्यावर तो आणि त्याची आई लक्ष्मीबाई. त्याचा सर्व्हर मीच बसवलेला. तीन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत मशीन रडायला लागलं होतं, तेव्हा एक अख्खा रविवार खर्च करून मीच ते सुसाट पळवलं. त्या दिवशी कमलेशने मला पेढे दिले होते. त्यानंतर त्याचा फोन फक्त रडगाणं गायला येतो.

"सर, सगुणाआजीचं रेकॉर्डिंग उडालं," तो म्हणाला.

सगुणाबाईंचं नाव मला ठाऊक होतं. बाळकुमची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी जेवढा लागतो तेवढीच धवले गाणारी ही बाई लागते. धवले म्हणजे लग्नविधीची गाणी. ती कुठे लिहिलेली नसतात, बाईच्या गळ्यात असतात. सगुणाबाईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून त्यांचा मुलगा काळुराम याने बुधवारी, खंडेनवमीच्या संध्याकाळी, कमलेशच्या माणसांना घरी बोलावून आईचे अकरा धवले रेकॉर्ड करून घेतले. गुरुवारी दसरा झाला. शुक्रवारी ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि त्याच सकाळी सर्व्हरवरचं रेकॉर्डिंगही गेल्याचं उघड झालं.

उडालं म्हणजे काय, असं मी विचारलं. कमलेश म्हणाला की अक्षदाने कॉपी न करताच कार्ड पुसलं. अक्षदा म्हणजे त्याच्याकडची डेटा सांभाळणारी मुलगी, दोन वर्षं तिथेच काम करते. तिला त्याने सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगून टाकलं होतं. शिवाय काळुराम चार वाजता जाब विचारायला येणार होता आणि या मुलीने माझ्या आईचा आवाज पुसला हे बाळकुमपासून कोपरपर्यंत प्रत्येक मांडवात सांगणार होता. तसं झालं तर ठाणे-कल्याणातला एकही शूटिंगवाला अक्षदाला दारात उभं करणार नव्हता.

"मग मला कशाला बोलावतोस? निकाल तर तू लावलायस," मी म्हणालो.

"ती मान्यच करत नाही, सर. म्हणते, कॉपी केली आणि वाजवूनपण बघितली."

अर्धी दाढी तशीच ठेवून मी निघालो नाही, पण निघालो तेव्हा गालावर दोन ठिकाणी कापलं होतं.

२

अक्षदा सर्व्हरच्या खोलीबाहेर स्टुलावर बसली होती. वय चोविसेक, डोळे रडून सुजलेले, पण आवाज ठाम. मी तिला काही विचारण्याआधी फोल्डर उघडला. माणसं खोटं बोलतात, फोल्डरला तेवढी अक्कल नसते.

फोल्डरमध्ये अकरा फाइली होत्या. अकराही धवल्यांची नावं नीट लिहिलेली: हळदीचा, उटण्याचा, मांडवाचा, असे एकेक. प्रत्येकीची वेळ दसऱ्याच्या सकाळची, नऊ अकरा ते नऊ सतरा. आणि प्रत्येकीचा आकार शून्य. नाव आहे, वेळ आहे, आत काहीही नाही.

मी कमलेशला विचारलं, जिने कॉपीच केली नाही तिने ही नावं कुठून आणली? तो म्हणाला, केली असेल आणि नंतर चुकून पुसली असेल. मी कपाळावर हात मारला. पुसली तर नावासकट जाते. लाडू चोरणारा डबा रिकामा करून, त्यावर बेसन असं लिहून परत फळीवर ठेवत नाही.

मग मी अक्षदाला सगळं क्रमाने सांगायला लावलं. दसऱ्याची सुट्टी होती, तरी ती नऊला आली, कारण तेच कार्ड अकरा वाजता एका ठेकेदाराच्या जेसीबी आणि डंपरच्या पूजेच्या शूटिंगला हवं होतं. तिने कार्ड रीडरला लावलं. चाळीसेक जीबीचा डेटा सहा मिनिटांत गेला. पट्टी पूर्ण भरेपर्यंत ती थांबली. मग सर्व्हरवरची पहिली फाइल उघडून हेडफोन लावून ऐकली, शेवटची फाइलही ऐकली. दोन्ही स्वच्छ वाजल्या. त्यानंतरच तिने कार्ड फॉरमॅट केलं, कॅमेरावाल्याला दिलं आणि साडेनऊला घरी गेली.

"एवढी खात्री करून घ्यायला कुणी शिकवलं?" मी विचारलं, कारण मला ते खोटं वाटत होतं. इतकं नीट काम इथे कुणी करत नाही.

तिने रीडरच्या वर भिंतीकडे बोट केलं. तिथे माझीच जुनी चिठ्ठी होती, पिवळी पडलेली. कॉपी झाल्यावर फाइल सर्व्हरवरून वाजवून पाहा, मगच कार्ड पुसा. खाली दुसरी ओळ: घोटाळा वाटला तर कार्ड वापरू नका, लॉक करून बाजूला ठेवा.

"तुम्हीच लिहिलंय, सर. मी रोज तसंच करते."

माझी चिठ्ठी वाचणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं आणि नेमकं तेच चोर ठरलं होतं. पण तिचं खरं मानलं तर गुंता वाढत होता. साडेनऊच्या आत सर्व्हरवरून वाजलेली फाइल दुसऱ्या दिवशी रिकामी कशी?

३

कमलेशकडे उत्तर तयार होतं. शुक्रवारी दुरुस्तीच्या नावाखाली अकरा वाजता लाईट गेली होती, जशी दर शुक्रवारी जाते. त्यात फाइली गेल्या असतील. म्हणजे अक्षदाची चूक नसेल तर लाईटची. कमलेशला कोणीतरी पकडायला हवं होतं, कोण ते त्याला चालणार होतं.

अक्षदा म्हणाली की तिने शुक्रवारी सकाळी दहाला मशीन चालू केलं आणि सव्वादहालाच रिकाम्या फाइली पाहिल्या, लाईट जायच्या आधी. तिच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नव्हती. मशीन स्वतःचं रोजचं टिपण ठेवतं. मी ते उघडलं.

नीट बंद केलेलं मशीन जाताना निरोप घेऊन जातं. हे बंद केलं, ते बंद केलं, डिस्क सोडली, अशा शंभरेक ओळी टिपणात येतात. इथे दसऱ्याच्या सकाळी नऊ बावन्नला एक साधी ओळ होती आणि पुढे काहीच नाही. पुढची ओळ थेट शुक्रवारची, दहा वाजून चार मिनिटांची. म्हणजे गुरुवारी नऊ बावन्नला मशीनची वीज एका फटक्यात तुटली होती. अक्षदा त्याआधी वीस मिनिटं निघून गेली होती.

दसऱ्याला लाईट गेली होती का, असं मी विचारलं. नव्हती. आणि गेली असती तरी फरक पडला नसता, कारण मशीनच्या मागे यूपीएस आहे. बॅटरी संपत आली की तो मशीनला कळवतो आणि मशीन शहाण्यासारखं स्वतःहून बंद होतं. दर शुक्रवारी हेच होतं, आणि आजवर एकही फाइल गेली नव्हती.

"मग सर, चोर आत आहे म्हणायचा," हे ऋतुराज बोलला. हा स्टुडिओचा एडिटर, कल्याणचा, मागच्या दिवाळीला कामाला लागलेला. दुपारी बाराला उगवला होता आणि तोंडात समोसा होता. मला त्याचा तोंडवळा पहिल्यापासून आवडत नाही. तो कुठेतरी काहीतरी वाचतो आणि ते मशीनवर करून बघतो. माझा पासवर्ड कमलेशने मॉनिटरच्या मागे चिकटवून ठेवलेला असल्यामुळे त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मी त्याला सरळ विचारलं, मशीनच्या कर्नलमध्ये हात घातला होता का. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, डिस्कवर काय, कधी आणि किती जाणार-येणार ते ठरवणारा मुकादम. आधी त्याने कानावर हात ठेवले. मग मी टिपणातली जुलै महिन्याची ओळ दाखवली, तेव्हा तो खाली बघायला लागला.

"जुलैमध्ये केलेलं जरा," तो म्हणाला. "टाइमलाइन अटकत होती ना, भाई. नेटवर वाचलेलं की रीड-अहेड वाढवलं की फास्ट होतं. झालंपण."

अर्धा तास मी त्याला झाडलं. मला वाटलं, सापडला. पण झाडून झाल्यावर डोकं थंड झालं आणि लक्षात आलं की ते काही खरं नाही. त्याने बदललेला आकडा वाचण्याचा होता. डिस्कवरून एक पान मागितलं तर पुढची किती पानं आधीच उचलून ठेवायची, एवढंच तो ठरवतो. लिहिण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याने फाइल रिकामी होऊच शकत नाही.

दीड वाजला होता. काळुराम चारला येणार होता. नऊ बावन्नला मशीनची वीज कुणी तोडली हेच मला अजून कळलं नव्हतं. वैतागून मी पाठीमागच्या यूपीएसवर हात टेकला आणि हाताला काहीतरी लागलं. तळहात बघितला तर लाल-पिवळा झाला होता.

४

यूपीएसवर हळदी-कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक होतं. सर्व्हरवर दुसरं, त्याच्या जाळीत झेंडूच्या दोन पाकळ्या अडकलेल्या. आणि यूपीएसच्या बटणावर तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने लावलेली लाल शाईची चिठ्ठी, आधी मशीन बंद करा, मगच हे बटण, ती तिथे नव्हती. तिच्या जागी स्वच्छ, चकचकीत प्लास्टिक होतं.

मी वरच्या मजल्यावर गेलो. लक्ष्मीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मला आधी पाणी दिलं, मग बस म्हणाल्या. चिठ्ठीचं विचारल्यावर त्या जराही दचकल्या नाहीत.

"ती मीच कारली," त्या म्हणाल्या. "खोबरेल लावून घासून कारली. दसऱ्याचे दिशी देवाचे कामाला त्यो मलका कागुद कं बरा दिसतंय, रतनभाऊ?"

मी त्यांना विचारलं, पूजेच्या वेळी मशीन चालू होतं का. त्यांनी माझ्याकडे मलाच काही समजत नसल्यासारखं बघितलं. चालू यंत्राची पूजा कोण करतं? दसऱ्याला गाडी असो, गिरण असो, बंद करूनच हळद-कुंकू लावायचं, आणि त्या दिवशी पुन्हा चालू करायचं नाही. वर्षभर राबलेल्याला एक दिवस विसावा. त्यांच्या सासऱ्यांनी मिठागरावरच्या अवजारांचं असंच केलं, त्यांनी कॉम्प्युटरचं असंच केलं. बटण मात्र त्यांनी दाबलं नव्हतं. यंत्राला हात लावायचं काम कमलेशचं.

मी खाली आलो. कमलेशने माझा चेहरा बघितला आणि स्वतःच दार लावून घेतलं. त्याने सगळं कबूल केलं. मुहूर्त साडेनऊचा होता, उशीर झाला होता, आई आरती घेऊन उभी होती. मशीन नीट बंद व्हायला दोन मिनिटं लागतात, तेवढी कोण थांबणार. त्याने यूपीएसचं बटण दाबलं आणि सगळे दिवे एकदम विझले. दर दसऱ्याला तो असंच करतो.

मी म्हणालो, हे तू शुक्रवारीच सांगायला हवं होतंस. त्याने कारण सांगितलं. काळुराम त्याच्या मामेबहिणीच्या सासरचा. तुझ्या आईच्या पूजेने माझ्या आईचा आवाज गेला, हे त्याच्या तोंडून ऐकायची कमलेशची तयारी नव्हती. अक्षदाला काढणं सोपं होतं.

मला त्याचा इतका संताप आला की मी त्याच्याकडे पाठ करून रुमालाने तळहातावरची हळद घासत बसलो. चोवीस वर्षांची पोर, माझी चिठ्ठी वाचून नेमकं तेच करणारी, आणि हा गप्प बसला.

पण संताप उतरला तसं एक कोडं शिल्लक राहिलं. हे तर दर दसऱ्याला व्हायचं. तसंही बटण दाबून फार तर शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं काम जातं. अक्षदाची कॉपी नऊ सतराला संपली होती, बटण नऊ बावन्नला दाबलं गेलं. मधे पस्तीस मिनिटं होती. पस्तीस मिनिटांत चाळीस जीबी डिस्कवर पोचलं नाही, हे होऊच शकत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. काळुराम तासभर आधीच आला होता.

५

काळुराम पन्नाशीचा, पांढऱ्या कपड्यातला, जाडजूड माणूस. तो ओरडायला आला असणार असं मी धरून चाललो होतो, पण तो ओरडला नाही. खुर्चीत बसला आणि अक्षदाकडे बघत राहिला. बुधवारी ती रेकॉर्डिंगला गेली तेव्हा त्यानेच तिला घरी जेवू घातलं होतं.

"आय शुद्धीवर आली," तो म्हणाला. "हातानं मना इचारते, वाजव. मी कं वाजवू तिला?"

मी त्याला म्हणालो, मला पंधरा मिनिटं द्या, तुमच्यासमोरच सांगतो काय ते. आणि सगळ्यांना मशीनभोवती बसवलं.

मी त्यांना असं समजावलं. तुम्ही मशीनला फाइल दिलीत की ती सरळ डिस्कवर जात नाही. डिस्क हे मागचं गोदाम, तिथे जायला वेळ लागतो. कर्नल तो माल आधी पुढच्या खोलीत, मेमरीत, उतरवून घेतो आणि तुम्हाला लगेच सांगतो, मिळालं. म्हणून पट्टी भराभर भरते. मग तो सवडीने एकेक खोका गोदामात नेतो. मधल्या वेळात कुणी फाइल मागितली तर पुढच्या खोलीतूनच काढून दाखवतो. अक्षदाने ऐकलेले धवले तिथूनच वाजले. ती खोटं बोललेली नाही. फाइलींची नावं गोदामाच्या वहीत तेवढी चढली होती, माल चढला नव्हता. वीज गेली की पुढची खोली क्षणात रिकामी होते.

"मग चूक बटणाची," ऋतुराज म्हणाला.

मी म्हणालो, नाही. माल पुढच्या खोलीत जास्तीत जास्त किती वेळ पडून राहू द्यायचा याचा एक आकडा कर्नलमध्ये असतो. सगळ्या जगात तो तीस सेकंद असतो. इथे पस्तीस मिनिटांनंतरही माल दारातच होता. याचा अर्थ कुणीतरी तो आकडा बदलला आहे. आणि ज्याने बदलला तोच खरा गुन्हेगार.

हे बोलताना मी ऋतुराजकडे बघत होतो. तो एकदम पांढरा पडला.

मी आकडा विचारणारी आज्ञा टाइप केली. पडद्यावर उत्तर आलं. तीस सेकंद नव्हते. एक तास होता. त्याच्याखालचा दुसरा आकडाही वाढवलेला होता: अर्धी मेमरी भरेपर्यंत मागच्या गोदामाकडे जायचंच नाही. मेमरी एकशे अठ्ठावीस जीबीची, अक्षदाचा माल चाळीसचा. सगळाच्या सगळा तिथे आरामात मावला होता आणि तासाभराच्या मुदतीत वाट बघत बसला होता.

"हे आकडे कोणत्या मूर्खाने ठेवले ते आता बघू," मी म्हणालो. मशीन सुरू होताना हे आकडे एका फाइलीतून वाचतं. त्या फाइलीवर तारीख असते. मी यादी काढली.

फाइल तीन वर्षांपूर्वीची होती, एप्रिल महिन्यातली, रविवारची. ऋतुराज मागच्या दिवाळीला आला होता. अक्षदा दोन वर्षांपूर्वी. एप्रिल, लग्नसराई, रविवार. पेढे.

मी फाइल उघडली नाही. या खोलीत ती फाइल वाचू शकणारा माझ्याशिवाय एकच होता, ऋतुराज, आणि त्याचं कुणी ऐकलं नसतं. कमलेशचं बटण पुरेसं होतं. लक्ष्मीबाईंची घासलेली चिठ्ठी पुरेशी होती. मी मशीन बंद करून, बटणामुळे झालं, एवढं म्हणून घरी गेलो असतो तर काळुराम उठून गेला असता आणि अक्षदाही वाचली असती. माझं नावही राहिलं असतं.

अक्षदा माझ्या मागे उभी होती. तिला कर्नल कळत नव्हता, पण अक्षरं कळत होती.

"उघडा ना, सर," ती म्हणाली. "वर काहीतरी लिहिलेलं असतं. तुम्हीच सांगता, आधी वाचायचं."

मी फाइल उघडली. पहिली ओळ मराठीत होती. ती मी मोठ्याने वाचली, कारण न वाचता राहणं शक्य नव्हतं.

कॉपी चालू असताना एडिटिंग अडकते म्हणून वेळ वाढवली आहे. लग्नसराईपुरतेच. सीझन संपल्यावर काढून टाकणे. रतन.

६

तीन सीझन संपले होते. ती ओळ काढायला मी एकदाही आलो नव्हतो. आलो तेव्हा दुसऱ्याच कशाला तरी आलो आणि कुणाला तरी झाडून गेलो. लोक वाचत नाहीत म्हणून जन्मभर कावलेल्या माणसाने स्वतःची एक ओळ वाचली नव्हती.

काळुरामला मी सगळं पुन्हा साध्या शब्दांत सांगितलं. बटण कमलेशने दाबलं, पण एरवी त्या बटणाने फक्त अर्धं मिनिट गेलं असतं. तुमचे अकरा धवले माझ्यामुळे गेले. या मुलीने एकही चूक केलेली नाही. मला लाज वाटते, असंही मी म्हणालो, कारण वाटत होती.

कमलेश मला मधेच थांबवत होता. सर, जाऊ द्या, मशीनमध्येच प्रॉब्लेम होता असं म्हणू. मी त्याला म्हणालो, मशीनने मी सांगितलं ते केलं. तू अक्षदाची माफी माग. त्याने मागितली, जरा तोंडातल्या तोंडात, पण काळुरामसमोर मागितली. सोमवारी ये, असंही म्हणाला. अक्षदाने पर्स उघडली आणि आतून एक छोटी प्लास्टिकची डबी काढून माझ्यापुढे धरली.

डबीत कार्ड होतं. लॉकची पट्टी खाली सरकवलेली.

शुक्रवारी रिकाम्या फाइली दिसताच तिने ते कॅमेऱ्यातून काढलं होतं. घोटाळा वाटला तर कार्ड लॉक करून बाजूला ठेवा. दोन दिवस सगळे तिला चोर म्हणत होते आणि ती ते पर्समध्ये घेऊन फिरत होती. कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

साधं फॉरमॅट केलं की कार्डावरची यादी पुसली जाते, माल तसाच राहतो, जोवर वरून दुसरं काही लिहिलं जात नाही. जेसीबीच्या पूजेने पुढचा भाग व्यापला होता. मागचा शिल्लक होता. मी आणि ऋतुराज साडेसहापर्यंत त्यावर बसलो. हा मुलगा त्या कामात हुशार निघाला, हे मी त्याला सांगितलंही. अकरातले सात धवले परत आले. चार गेले ते गेले.

रविवारी सकाळी ते सात घेऊन मी, अक्षदा आणि काळुराम हॉस्पिटलात गेलो. सगुणाबाईंच्या गळ्यात नळी होती. त्यांना हेडफोन लावला. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या, एका हाताची बोटं पलंगाच्या दांडीवर ताल धरत होती. सातवा संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि पुढचा मागितला. काळुरामने त्यांना सांगितलं की चार गेले, आणि कुणामुळे गेले तेही सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटतं, आवाज असता तर त्यांनी मला चांगलं सुनावलं असतं आणि ते मला हवंच होतं. मग त्यांनी हात लांब करून अक्षदाचं मनगट धरलं, तिला पलंगावर आपल्याशेजारी बसवलं आणि तिच्या मनगटावर ताल द्यायला सुरुवात केली. आठव्या धवल्याचा. रेकॉर्डिंगच्या वेळी तीन तास कानाला हेडफोन लावून त्यातला शब्दन्‌शब्द फक्त अक्षदाने ऐकला होता. ती पहिली ओळ पुटपुटली, अडखळली, आणि म्हातारीने बोट हलवून नाही म्हटलं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो.

सोमवारी मी पुन्हा कोपरला गेलो. आकडा तीस सेकंदांवर आणला, दुसराही मूळच्या जागी नेला, मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा तपासलं. अक्षदा कामावर होती. तिने यूपीएसवर नवी चिठ्ठी लावली होती, लाल शाईची, वर लॅमिनेशन केलेलं, म्हणजे खोबरेलाने निघणार नाही. पूजेआधी मशीन अक्षदाच बंद करेल, ही पहिली ओळ. दुसरी अशी होती की रतन सरांनी तात्पुरतं काही केलं तर ते कधी काढणार ती तारीख खालच्या कागदावर लिहायची. कागद तिने शेजारीच चिकटवला होता, रेघा आखून.

मी पेन काढलं आणि नेहमीच्या सवयीने सही करायला वाकलो.

"वाचून करा, सर," ती म्हणाली.

मी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि चिठ्ठी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली.